डीप गॅपचा गिटारवादक

अमेरिकेच्या पूर्व अंगाला ॲपलेशियन नांवाची एक अतिप्राचीन पर्वतराजी पसरलेली आहे. तिच्या दक्षिण भागांत, उत्तर कॅरोलायना संस्थानाच्या पश्चिमेस जे डोंगर लागतात त्यांना ब्ल्यू रिज, म्हणजे निळी डोंगररांग, असें म्हणतात. अठराव्या शतकांत स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड, इंग्लंड व जर्मनी या देशांकडून आलेलीं गरीब कुटुंबें या खोऱ्याखोऱ्यांतून वस्ती करून राहिलीं. जमीन उताराची, हिवाळा कडक, बाजारपेठ दूर. येतांना त्यांनीं आपल्याबरोबर जुनीं कथागीतें आणलीं आणि फिडल आणलें. फिडल म्हणजे आपल्या ओळखीचें व्हायोलिनच. फक्त तें तेथें बहुधा नाचासाठीं वाजतें. बँजो हें वाद्य आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून तेथें आलें. गिटार मात्र सर्वांच्या मागून आली, आणि ती घरोघर पोंचली टपालानें माल धाडणाऱ्या मोठमोठ्या दुकानांच्या सूचीपत्रांमुळें.

१९१६ ते १९१८ या काळांत सेसिल शार्प हा इंग्रज संगीतज्ञ या डोंगरांतून हिंडला. इंग्लंडांत लोप पावत चाललेलीं कितीतरी गाणीं त्याला येथील लोकांच्या तोंडून ऐकावयास मिळालीं. तेव्हांपासून शहरांतील सुशिक्षितांत अशी एक समजूत बळावली कीं, हे डोंगर म्हणजे जुन्या संगीताची कुलूपबंद पेटी आहे. आंत जें आहे तें शुद्ध आहे, बाहेरचा वारा त्याला लागलेला नाहीं. ही समजूत गोड आहे, पण ती खरी नाहीं. ती कशी खरी नाहीं हें पाहावयाचें असेल तर डॉक वॉटसन या अंध गिटारवादकाचें चरित्र पाहावें. याच डोंगरांत तो जन्मला आणि आयुष्यभर त्यानें आपलें घर याच डोंगरांत ठेवलें. जुन्या कलेचा वारस म्हणून शहरवासीयांनीं पुढें त्याला डोक्यावर घेतलें. परंतु त्यांची त्याची पहिली गांठ पडली तेव्हां त्याच्या हातांत विजेची गिटार होती!

त्याचें खरें नांव आर्थेल लेन वॉटसन. जन्म ३ मार्च १९२३ रोजीं, वाटॉगा परगण्यांतील डीप गॅप या वस्तींत. नऊ भावंडांपैकीं हा सहावा. वडिलांचें नांव जनरल डिक्सन वॉटसन. यांतील 'जनरल' ही पदवी नसून आईबापांनीं ठेवलेलें नांव होतें. सेनापतिपद नांवापुरतें, हातीं मात्र नांगर आणि करवत. शेती व मजुरी करावी आणि रविवारीं प्रार्थनामंदिरांत पुढें होऊन स्तोत्रांचा सूर धरावा, असा त्यांचा क्रम होता. आई ॲनी मुलांना जुनीं गाणीं म्हणून दाखवी. डोळ्यांना रोगाचा संसर्ग होऊन दोन वर्षांचा होण्यापूर्वींच आर्थेलची दृष्टि गेली.

आपल्याकडे अंध मनुष्य गातांना दिसला कीं त्याला 'सूरदास' म्हणून हाक मारण्याची रीत आहे. हाक प्रेमाची असते. पण याच्यानें दुसरें कांहीं होणार नाहीं, हें तींत मुकाट्यानें गृहीत धरलेलें असतें. जनरल वॉटसन यांनीं तें गृहीत धरलें नाहीं. मुलगा अकरा वर्षांचा झाला तेव्हां त्यांनीं त्याला घरींच एक बँजो तयार करून दिला. तो मढविण्यास कातडें वापरलें तें घरच्या म्हाताऱ्या मांजराचें! हा नीट वाजवावयास शीक, जगांत निभावून जाण्यास याचा कदाचित् उपयोग होईल, अशा अर्थाचें ते बोलले. येथेंच ते थांबते तर आर्थेलही एक सूरदासच होता. पण तो चौदा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्यांनीं त्याला दोघांनीं ओढावयाच्या मोठ्या करवतीच्या एका टोंकाशीं उभा केला. अशी करवत ओढण्यास डोळे लागत नाहींत. हाताचा ठेका लागतो आणि समोरच्या माणसावर भरंवसा लागतो. आपण जगांत कांहीं उपयोगाचे आहों हें आपणांस त्या करवतीनें पटवून दिलें, असें वॉटसन वृद्धपणींही सांगत असे. पुढें घरांतील सुतारकाम आणि विजेच्या तारांची जोडणीदेखील तो स्वतःच करी. गिटारवादनाच्या इतिहासांत करवतीला काय स्थान, असें कोणी म्हणेल. परंतु या माणसाच्या बाबतींत तें बँजोच्या बरोबरीचें आहे.

बँजो हातीं येण्याच्या सुमारासच त्याला राले या राजधानीच्या शहरीं अंधांच्या शाळेंत धाडण्यांत आलें होतें. तेथें एका सोबत्याकडून गिटारीचे पहिले कांहीं स्वरमेळ तो शिकला. घरीं आल्यावर एका मागून आणलेल्या गिटारीवर तो हात फिरवीत असतां वडिलांनीं ऐकलें आणि पैज मांडली: दिवस मावळण्याच्या आंत एक गाणें बसवून दाखविलेंस तर तुझ्या सांठविलेल्या पैशांत भर घालून गिटार घेऊन देतों. मुलानें गाणें बसविलें, आणि बारा डॉलरची गिटार घरांत आली. तें गाणें कोणतें होतें? आईच्या तोंडचें नव्हे, आजीच्याही तोंडचें नव्हे. कार्टर कुटुंबाच्या ध्वनिमुद्रिकेवरचें तें गाणें होतें.

कुलूपबंद पेटीच्या कल्पनेला येथेंच पहिला तडा जातो. टेनेसी व व्हर्जिनिया या दोन संस्थानांच्या सीमेवर ब्रिस्टल नांवाचें गांव आहे. १९२७ च्या उन्हाळ्यांत व्हिक्टर कंपनीच्या वतीनें राल्फ पीअर हा गृहस्थ तेथें यंत्रें घेऊन उतरला आणि आसपासच्या डोंगरांतील गवयांना बोलावून त्यानें त्यांचीं गाणीं तबकड्यांवर उतरविलीं. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या दोघांचेंही पहिलें ध्वनिमुद्रण त्याच मुक्कामांत झालें. थोड्याच वर्षांत तीं गाणीं घरोघर जाऊन पोंचलीं. वॉटसनच्या लहानपणीं त्याच्या घरांत किल्लीचा फोनोग्राफ आला होता, तबकड्या आल्या होत्या; मागाहून रेडियो आला. म्हणजे शेजारच्याच डोंगरांतलें गाणें एका शहरी कंपनीच्या तबकडीवर बसून, दुकानांतून फिरून, पुन्हां डोंगरांत परत येत होतें. येतांना तें थोडें बदलूनही येत होतें.

त्या वेळेपर्यंत डोंगरी वाद्यमेळांत गिटारीचें काम फार साधें असे. चाल फिडलनें काढावयाची, बँजोनें ती खुलवावयाची आणि गिटारीनें मागें बसून ठेका व आधाराचे स्वर पुरवावयाचे. कार्टर कुटुंबांतील मेबेल कार्टर हिनें यांत मोठी सुधारणा केली. ती आंगठ्यानें जाड तारांवर चाल काढी आणि बोटांनीं बारीक तारा छेडून त्याच वेळीं ठेका सांभाळी. वॉटसननें आरंभीं हेंच उचललें. मागाहून जिमी रॉजर्सच्या तबकड्या ऐकतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, हा आवाज बोटांचा नव्हे. आपले सरोदवादक हातांत जवा धरतात, त्याच जातीची एक चपटी चकती या माणसाच्या हातांत असली पाहिजे. डोळस मुलानें वादकाचा हात पाहून शिकावें. यानें तो नुसत्या कानानें ताडला. लगेच तशी चकती मिळवून त्यानें तिच्यावर मेहनत सुरू केली.

याच काळांतील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ब्ल्यू रिजच्या रानांत चेस्टनट वृक्षांचें राज्य होतें. त्याचीं फळें गोळा करून विकावीं, त्यांवर डुकरें पोसावीं, त्याच्या लांकडाचीं घरें व कुंपणें करावीं, असा तेथील गरिबांचा तो कल्पवृक्ष होता. १९०४ मध्यें न्यूयॉर्क येथें या झाडांवर बुरशीचा एक परदेशी रोग दिसून आला. तो दक्षिणेकडे सरकत सरकत या डोंगरांत पोंचला आणि चाळीस-पन्नास वर्षांत अब्जावधि झाडें उभ्या उभ्या वाळून गेलीं. मेलेल्या लांकडांतही कातडीं कमावण्यास उपयोगी पडणारा तुरट अर्क शिल्लक असे, म्हणून कातड्याचे कारखानदार तें विकत घेत. जनरल वॉटसन यांनीं मुलांना सांगितलें कीं, शेताच्या कडेचीं मेलेलीं लहान झाडें तोडलींत तर तुम्हांला त्यांचे पैसे करतां येतील. आर्थेल व त्याचा भाऊ डेव्हिड या दोघांनीं तीं तोडलीं. भावानें आपल्या वांट्याचे नवे कपडे घेतले. आर्थेलनें सिअर्स रोबक या टपालाच्या दुकानांतून दहा डॉलरची गिटार मागविली. एका अरण्याच्या मरणांतून ही गिटार आली, हें इतिहासकारानें विसरूं नये.

लेनॉयर, बून अशा लहान गांवांच्या रस्त्यांवर तो वाजवूं लागला. अठरा-एकोणीस वर्षांचा असतांना एका कार्यक्रमाचें रेडियोवर प्रक्षेपण चाललें होतें. आर्थेल हें नांव उच्चारावयास अवघड, कांहीं सुटसुटीत नांव पाहिजे, असें निवेदक म्हणाला, तेव्हां श्रोत्यांतून कोणीतरी ओरडलें, "त्याला डॉक म्हणा!" शेरलॉक होम्सच्या गोष्टींतला डॉक्टर वॉटसन ओरडणाऱ्याच्या मनांत असावा. तेंच नांव जन्मभर चिकटलें. रेडियोनें ज्याचें बारसें केलें, त्याला बाहेरचा वारा न लागलेला म्हणणें धाडसाचें आहे!

१९४७ मध्यें रोझा ली कार्लटन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. तिचे वडील गेदर कार्लटन हे जुन्या वळणाचे उत्तम फिडलवादक होते. १९४९ मध्यें मुलगा झाला; एडी अर्नोल्ड व मर्ल ट्रॅव्हिस या त्या वेळच्या दोन नामांकित कलावंतांवरून त्याचें नांव एडी मर्ल ठेवलें. दोन वर्षांनीं मुलगी झाली. संसार चालवावयाचा होता. वॉटसन पियानो सुरांत लावून देण्याचें काम करी. पण डोंगरांत पियानो कितीसे असणार? १९५३ च्या सुमारास जॅक विल्यम्स या गृहस्थाच्या नाचाच्या बँडमध्यें त्याला जागा मिळाली. तेथें हवी होती विजेची गिटार, म्हणून त्यानें ती घेतली, आणि सात-आठ वर्षें तो तीच वाजवीत होता.

या बँडमध्यें फिडलवादक क्वचितच असे. गिऱ्हाईक मात्र चौकोनी नाच मागे. या नाचांत चार जोडपीं चौकोन करून उभीं राहतात, आणि त्याला फिडलच्या द्रुत चालीच लागतात. हँक गारलंड, ग्रेडी मार्टिन यांसारखे वादक अशा चाली गिटारीवर काढतात हें वॉटसननें ऐकलें होतें. त्यानें फिडलचें काम आपल्या गिटारीवर घेतलें. हें किती कठीण आहे याची कल्पना आपल्याकडील तंतुवाद्य जाणणारांना चटकन् येईल. फिडलचा गज एका ओढींत कित्येक स्वर बांधून नेतो. गिटारीला बहुतेक प्रत्येक स्वरासाठीं निराळा आघात करावा लागतो. सतारीच्या दा-रा बोलांप्रमाणें एकदां खालून, एकदां वरून असे आघात वॉटसन अखंड चालू ठेवी. लय किंचितही लोंबकळली तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळावयाचे. अशा रीतीनें नाचघरांत, रोजच्या मजुरीसाठीं, एक नवी वादनपद्धति पक्की होत गेली. पुढें तीच त्यानें साध्या लांकडी गिटारीवर आणली, आणि अमेरिकेंतील गिटारवादकांच्या दोन पिढ्या तिच्या मागें लागल्या. त्याच्या आधीं असें कोणी वाजवीत नव्हतें असें नव्हे. परंतु गिटारीला मागच्या बाकावरून उठवून फिडलच्या शेजारीं बसविण्याचें श्रेय बहुतांशीं त्याच्याकडे जातें.

आतां १९६० सालचा प्रसंग. त्याच्या दोन वर्षें आधीं किंग्स्टन ट्रिओ या तिघा तरुणांच्या गाण्यानें शहरांतून जुन्या लोकगीतांची मोठी लाट उठविली होती. तें गाणें टॉम डूलीचें. हा टॉम कल्पित नव्हे. डीप गॅपला लागूनच असलेल्या विल्क्स परगण्यांत १८६६ मध्यें एका तरुणीचा खून झाला, त्या आरोपावरून त्याला १८६८ मध्यें फांशीं दिलें. वॉटसनच्या घरीं हें गाणें आजीपासून चालत आलेलें होतें.

या लाटेंतलाच राल्फ रिन्झलर हा तरुण जुन्या गवयांच्या शोधांत डोंगरांत आला. तो आला होता क्लॅरेन्स ॲशली या वृद्ध गवयाचें ध्वनिमुद्रण करावयास. ॲशलीनें साथीला आसपासचे वादक जमविले, त्यांत वॉटसन होता. विजेची गिटार पाहून रिन्झलरचा विरस झाला. जुन्या गाण्याला हें चालणार नाहीं, साधी गिटार मागून आणावी, असें त्यानें सुचविलें. वॉटसननें साफ नकार दिला. परक्याच्या वाद्यावर वाजविणें त्याला मंजूर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सगळे एका उघड्या मोटारगाडींतून निघाले. मागें बसलेला रिन्झलर बँजो वाजवीत होता. वाटेंत गाडी थांबली, वॉटसन मागें आला, बँजो मागून घेतला, आणि त्यानें टॉम डूली वाजविलें. रिन्झलर थक्क झाला.

हा प्रसंग बहुधा असा सांगतात कीं, खरा डोंगरी कलावंत विजेच्या गिटारीमागें लपला होता, तो त्या दिवशीं सांपडला. वस्तुतः लपलेलें कांहींच नव्हतें. त्या माणसाला जुनें येत होतें तसें नवेंही येत होतें. आणि ज्याचे पैसे मिळत तें तो वाजवीत होता. घरच्या जुन्या गाण्यांना कोणी पैसे देईल हें त्याच्या ध्यानींमनींही नव्हतें. रिन्झलरचें श्रेय निराळें आहे: त्यानें हें पटवून दिलें, आणि नंतर वर्षानुवर्षें त्याची व्यवस्था पाहिली. मात्र नाचघरांतील तीं सात-आठ वर्षें वजा केलीं असतीं, तर न्यूयॉर्ककरांनीं ज्या हाताला टाळ्या दिल्या तो हातच तयार झाला नसता.

१९६१ च्या मार्चमध्यें ॲशली, वॉटसन, गेदर कार्लटन वगैरे मंडळी न्यूयॉर्क येथें ग्रिनिच व्हिलेज भागांतील एका शाळेच्या सभागृहांत गायलीं. १९६३ च्या न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवांत वॉटसनचें नांव देशभर झालें आणि १९६४ मध्यें त्याची पहिली स्वतंत्र मोठी तबकडी निघाली. हें ऐकावयास सुखाचें वाटतें. पण त्यासाठीं या अंध माणसाला गिटार घेऊन बसगाडीनें शेंकडों मैलांचा प्रवास करावा लागे, अनोळखी गांवीं उतरून कोणी न्यावयास येईपर्यंत थांबावें लागे. घरीं बायको व दोन मुलें वाट पाहात.

१९६४ मध्यें एका दौऱ्यावरून तो परत आला, तों पंधरा वर्षांचा मर्ल गिटार वाजवूं लागला होता. पहिले स्वरमेळ त्याला आईनें शिकविले होते. कांहीं महिन्यांतच तो बापाबरोबर रंगमंचावर बसला, आणि पुढें एकवीस वर्षें ही जोडी फुटली नाहीं. मर्ल बापाची साथ करी, गाडी हांकी, हिशेब पाही. त्याच्या बोटांचें वळण बापाहून निराळें, ब्ल्यूजकडे झुकणारें होतें. लोक त्याला बापाचे डोळे म्हणत. तें खरें असलें तरी अपुरें आहे, कारण तो स्वतः उत्तम वादक होता. १९७३ व १९७४ या दोन्ही वर्षीं या जोडीला ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

१९७१ मध्यें नॅशव्हिल येथें नवे-जुने कलावंत एकत्र आणून एक मोठा ध्वनिमुद्रिका-संच तयार होत होता. तो पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झाला. तेथें डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस यांची पहिली भेट झाली. ज्याच्यावरून मुलाचें नांव ठेवलें तो माणूस शेजारच्या खुर्चीवर! यंत्र चालू होतें, त्यामुळें दोघांचें तें ओळखीचें बोलणें तबकडीवर तसेंच राहिलें. त्या संचांत पुष्कळ चांगलें संगीत आहे, तरी तो एक-दोन मिनिटांचा संवाद ऐकण्याकरितां कित्येक लोक ती तबकडी पुन्हां लावतात.

२३ ऑक्टोबर १९८५ रोजीं घराजवळच ट्रॅक्टर उलटून मर्ल मरण पावला. वय अवघें छत्तीस. वॉटसननें गिटार ठेवून देण्याचें ठरविलें होतें. आदल्या रात्रीं पडलेल्या एका स्वप्नांत आपण वाळूंत रुतत होतों आणि मर्लनें हात देऊन ओढून काढलें, असें त्यानें पुढें सांगितलें. तो पुन्हां वाजवूं लागला, पण दौरे कमी केले. १९८८ मध्यें विल्क्सबरो येथील महाविद्यालयांत मर्लच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू झाला. त्यांत काय वाजवावें याविषयीं वॉटसनचें धोरण उदार होतें: परंपरा, आणि वर आणखी कांहीं. १९९५ मध्यें त्यानें नाचघरांतील त्या दिवसांच्या संगीताची 'डॉकॅबिली' ही ध्वनिमुद्रिका काढली. जुन्या कलेच्या कैवाऱ्यांना तिचें नवल वाटलें असल्यास तो दोष त्यांचा.

मानसन्मान पुष्कळ झाले. १९९७ मध्यें राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्तें राष्ट्रीय कलापदक मिळालें, २००४ मध्यें ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. आपल्या वादनापेक्षां एक बरा माणूस म्हणून लोकांनीं आपणांस आठवावें, असें तो म्हणे. २०११ मध्यें बून येथील भर रस्त्यावर त्याचा पुतळा बसविण्याचें ठरलें. याच गांवांत तरुणपणीं तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पैशांवर वाजवीत असे. पुतळा उंच चौथऱ्यावर नाहीं. तो बाकावर बसून गिटार वाजवीत आहे. पुतळ्याखालीं 'लोकांपैकीं एक' एवढेंच लिहावें, ही त्याची स्वतःची अट होती, आणि ती पाळण्यांत आली.

२९ मे २०१२ रोजीं विन्स्टन-सेलम येथील रुग्णालयांत तो वारला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रोझा लीही गेली. डीप गॅप येथील कुटुंबाच्या दफनभूमींत मर्लच्या शेजारीं त्यांच्या समाधि आहेत.